खेडच्या चॉकलेट कारखान्यात रुजू होताना : मार्स कंपनी समजून घेण्याचे एक वर्ष

जानेवारी २०२४ मध्ये मी मार्स कंपनीच्या खेड येथील चॉकलेट कारखान्यातील गुणवत्ता विभागासाठी अर्ज केला आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रोबेशन संपून नोकरीत कायम झाल्याचे पत्र माझ्या हाती आले. या वर्षभरात अर्ज, मुलाखती, कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण या टप्प्यांतून जाताना जे कळले ते लिहून ठेवते आहे. अन्नतंत्रज्ञान शिकलेल्या अनेक मुलामुलींना चाकण, खेड, रांजणगाव या पट्ट्यातील मोठ्या कंपन्यांत जायचे असते आणि तिथे नेमके काय होते हे आधीच सांगणारे कोणी त्यांच्या ओळखीत नसते, म्हणून हा प्रपंच.

माझी आधीची नोकरी एका दुग्धप्रक्रिया उद्योगात होती. तिथे गुणवत्ता विभागात काही वर्षे काढल्यावर दुधाचे नमुने, पाश्चरायझेशनच्या नोंदी आणि परवान्यांची कागदपत्रे यांत माझा हात चांगला बसला होता. चॉकलेटशी संबंध मात्र पदवीच्या तिसऱ्या वर्षातील एका विषयापुरताच आला होता. राजगुरुनगरजवळच्या खेड सिटी औद्योगिक वसाहतीत मार्सचा कारखाना आहे आणि तिथे स्निकर्स व गॅलेक्सी तयार होतात, हे मी ऐकून होते. आमचे घर नारायणगावच्या बाजूला असल्याने पुण्यात बिऱ्हाड न हलवता करता येईल अशी ही नोकरी होती. सासूबाईंनी मुलीची शाळेची वेळ सांभाळण्याची तयारी दाखवली आणि मी अर्ज भरला.

अर्ज ऑनलाइन होता व तो भरायला फारसा वेळ लागला नाही. अवघड गेले ते मुलाखतीसाठी कंपनी समजून घेणे. आपण एरवी एखाद्या कंपनीची माहिती काढतो तेव्हा तिचा वार्षिक अहवाल पाहतो, शेअरचा भाव पाहतो, भागधारकांच्या सभेत अध्यक्ष काय म्हणाले ते वाचतो. मार्सच्या बाबतीत यातले काहीच हाती लागत नाही, कारण ही कंपनी कोणत्याही शेअर बाजारात नोंदलेली नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅक्लीन येथे तिचे मुख्यालय आहे, जगभरात तिचे लाखाहून अधिक कर्मचारी आहेत, आणि ती आजही संपूर्णपणे मार्स कुटुंबाच्या मालकीची आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला आपले हिशेब जगापुढे मांडावे लागत नाहीत, ही गोष्ट मला सुरुवातीला खटकली होती आणि त्यातला काही भाग आजही खटकतो. पण मग तिला ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतोच. माझे उत्तर असे की, अशा कंपनीने वेळोवेळी घेतलेले निर्णय एकापुढे एक मांडून पाहायचे. त्यातून तिचा स्वभाव बऱ्यापैकी दिसतो. मुलाखतीच्या तयारीसाठी मी तेच केले.

कंपनीची मुळे १९११ सालापर्यंत जातात. फ्रँक मार्स यांना लहानपणी पोलिओ झाला होता. घरी बसून असताना आईच्या हाताखाली ते गोळ्या-चॉकलेट करायला शिकले. १९११ मध्ये त्यांनी पत्नी एथेल यांच्यासह वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे घरच्या स्वयंपाकघरातून हा व्यवसाय सुरू केला. १९२० मध्ये ते मिनियापोलिसला गेले, १९२३ मध्ये त्यांनी मिल्की वे हे चॉकलेट बाजारात आणले आणि १९२९ मध्ये शिकागोला कारखाना हलवला. १९३० साली आलेल्या स्निकर्सला कुटुंबाच्या लाडक्या घोड्याचे नाव दिलेले आहे. इथपर्यंतची गोष्ट एका कष्टाळू मिठाईवाल्याची आहे. तिला वेगळे वळण लागले ते त्यांचा मुलगा फॉरेस्ट याच्यामुळे. वडिलांशी मतभेद झाल्यावर तो १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये स्लाऊ येथे गेला, तिथे भाड्याच्या जागेत मोजक्या माणसांना घेऊन मार्स बार करू लागला, आणि दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, त्याने चॅपल ब्रदर्स ही कुत्र्यांसाठी डबाबंद अन्न तयार करणारी कंपनी विकत घेतली. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत त्याने ब्रूस मरी यांच्या भागीदारीत एम अँड एम्स या चॉकलेटच्या रंगीत गोळ्या सुरू केल्या. हे मरी म्हणजे प्रतिस्पर्धी हर्शी कंपनीच्या अध्यक्षांचे चिरंजीव, आणि युद्धकाळात चॉकलेट मिळणे दुरापास्त असताना हर्शीचा पुरवठा या भागीदारीमुळे हाताशी राहिला. वडिलांच्या मूळ कंपनीचा ताबा फॉरेस्ट यांना १९६४ मध्ये मिळाला, आणि १९७३ च्या सुमारास त्यांनी ती आपल्या तीन मुलांच्या स्वाधीन केली.

१९३४ सालच्या त्या खरेदीवर मी बराच विचार केला. इंग्लंडमध्ये त्या काळी बहुतेक घरांत कुत्र्याला उरलेसुरले अन्न घालत. त्यासाठी कोणी वेगळा डबा विकत घेईल यावर विश्वास ठेवणे सोपे नव्हते, आणि तशी सवय लोकांना लागायला कित्येक वर्षे जाणार होती. दर तीन महिन्यांनी नफा दाखवण्याचे बंधन असलेल्या कंपनीला इतका काळ थांबणे जड गेले असते. मी अर्ज केला तेव्हा, २०२४ मध्ये, मार्सची निम्म्याहून अधिक उलाढाल पाळीव प्राण्यांशी संबंधित व्यवसायातून येत होती. पेडिग्री, व्हिस्कस, रॉयल कॅनिन ही कुत्र्यामांजरांच्या अन्नाची नावे तर आहेतच, शिवाय बॅनफिल्ड आणि व्हीसीए या प्राण्यांच्या रुग्णालयांच्या मोठ्या साखळ्याही तिच्याच आहेत. व्हीसीएसाठी २०१७ मध्ये सुमारे ९१० कोटी डॉलर मोजले गेले. आपण जिला चॉकलेटची कंपनी म्हणून ओळखतो, ती प्रत्यक्षात त्याहून अधिक कुत्र्यामांजरांची कंपनी आहे. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून जावे, असे मला मनापासून वाटते.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिला फोन आला. त्यात शिक्षण, अनुभव, सध्याचे वेतन आणि नोटीस पिरियड एवढेच विचारले गेले. मार्चमध्ये ऑनलाइन तांत्रिक मुलाखत झाली आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्यक्ष भेटीसाठी बोलावणे आले. या दोन मुलाखतींच्या मधल्या काळात कोकोच्या जागतिक बाजारात कधी न घडलेले घडत होते. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून जगाचा निम्म्याहून अधिक कोको येतो. तिथे अवकाळी हवामान आणि झाडांवरील रोग यांनी पीक घटले होते, आणि वर्षानुवर्षे टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास असणारा भाव मार्च २०२४ च्या अखेरीस १०,००० डॉलरच्या पुढे गेला. मी त्या बातम्या रोज वाचत होते. प्रत्यक्ष मुलाखतीत मला विचारण्यात आले की, कच्चा माल इतका महाग झाला असताना गुणवत्ता विभागाचे काम कसे बदलते. मी सांगितले की, अशा वेळी भेसळीची आणि हलक्या प्रतीच्या मालाची शक्यता वाढते, म्हणून आवक तपासणीचे नमुने वाढवावे लागतील, कोको बटरची, म्हणजे कोकोच्या बियांतील चरबीची, शुद्धता अधिक बारकाईने पाहावी लागेल, आणि वाया जाणाऱ्या प्रत्येक किलोची नोंद पूर्वीपेक्षा काटेकोरपणे ठेवावी लागेल. दुधाच्या धंद्यात उन्हाळ्यात दूध आटते तेव्हा हेच अनुभवले होते, त्यामुळे उत्तर पाठ करावे लागले नाही. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी आपल्या क्षेत्रातील कच्च्या मालाची त्या महिन्यातली स्थिती जरूर वाचून जावी. पाठ्यपुस्तकातील व्याख्या सगळ्यांनाच येत असतात.

एप्रिलच्या अखेरीस ऑफर लेटर आले आणि खरी दमछाक तिथून सुरू झाली. मोठ्या कंपन्यांत ऑफर दिल्यानंतर त्रयस्थ संस्थेकडून पार्श्वभूमीची पडताळणी होते. पदवी खरी आहे का, आधीच्या नोकरीच्या तारखा जुळतात का, पत्ता बरोबर आहे का, हे सगळे तपासले जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडील बहुतेक स्त्रियांना येणारी अडचण मलाही आली. दहावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या नावाने, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर, पहिल्या नोकरीत असताना लग्न झालेले नसल्याने, पुन्हा माहेरचेच नाव. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले आणि शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतले. पडताळणीपुरते ते चालले. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरील नावाची दुरुस्ती मात्र संयुक्त घोषणापत्र भरून, जुन्या मालकाच्या मंजुरीने करावी लागली आणि त्यात दोन महिने गेले. ज्या मुलींना पुढे नोकरी बदलायची आहे, त्यांनी हे काम जुन्या नोकरीत असतानाच उरकावे. राजीनामा दिल्यावर जुन्या कार्यालयातून उत्तर मिळवणे फार कष्टाचे होते.

पडताळणीला जवळजवळ पाच आठवडे लागले. तोवर जुन्या ठिकाणी राजीनामा द्यावा की थांबावे, या विवंचनेत मी होते. ऑफर लेटरमध्ये ‘पडताळणी समाधानकारक असल्यास’ ही अट असते, आणि इकडे नोटीस पिरियड दोन महिन्यांचा असतो. यजमानांचे म्हणणे होते की थांबावे. शेवटी मी एचआर विभागाला सरळ ईमेल लिहून पडताळणी कोठवर आली आहे ते विचारले, शिक्षणाचा भाग पूर्ण झाल्याचे लेखी उत्तर आले, आणि मग राजीनामा दिला. रात्रीची झोप उडवणारे ते पंधरा-वीस दिवस होते. विचारण्यात संकोच करू नये, उत्तर लेखी घ्यावे, आणि तोंडी आश्वासनावर राजीनामा देऊ नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

जूनमध्ये वैद्यकीय तपासणी झाली. अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांतील अनुसूची चारप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची वर्षातून एकदा तपासणी करून नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र ठेवावे लागते. त्यात त्वचेची आणि डोळ्यांची तपासणी, संसर्गजन्य रोगांच्या चाचण्या आणि विषमज्वरासारख्या आतड्यांच्या रोगांवरील लसीकरण येते. टायफॉइडची लस आधी घेतलेली असेल तर तिची नोंद सांभाळून ठेवावी, म्हणजे पुन्हा टोचून घ्यावे लागत नाही. खोकला, जुलाब किंवा हाताला जखम असेल तर ते स्वतःहून सांगायचे असते. ते सांगितल्याने नोकरी जाईल ही भीती अनेकांच्या मनात असते, पण नियमाचा हेतू त्या दिवसापुरते अन्नाच्या जवळ न जाऊ देणे एवढाच आहे.

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी रुजू झाले. पहिला दिवस जवळजवळ सगळा कागदांवर सह्या करण्यात गेला. भविष्यनिर्वाह निधीसाठी फॉर्म ११, ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनासाठी फॉर्म एफ, आणि वर्षाच्या मध्येच नोकरी बदललेली असल्याने आधीच्या वेतनाची माहिती देणारा फॉर्म १२बी. हा शेवटचा फॉर्म भरायला कंटाळू नये. तो दिला नाही तर दोन्ही मालक आपापल्या परीने करसवलत धरून कमी कर कापतात आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. नामनिर्देशनात नवरा आणि मुलगी यांची नावे आधार कार्डावरच्या अक्षरांशी ताडून लिहिली.

पुढचे काही आठवडे प्रशिक्षणाचे होते. कारखान्यात पाऊल ठेवण्यापूर्वी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, टिकली, नेलपॉलिश, घड्याळ सगळे उतरवायचे असते. माझ्याबरोबर रुजू झालेल्या एका मुलीला मंगळसूत्र काढून ठेवताना फार अवघड वाटले. तिला लाइनवरच्या एका अनुभवी ताईंनी शांतपणे सांगितले की, हा मणी कोणाच्या तरी लेकराच्या घशात जाऊ शकतो. त्यापुढे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. केसांवर जाळी, अंगात खिसे नसलेला कोट, वेगळे बूट, हात धुण्याची ठरलेली पद्धत, हे दुधाच्या कारखान्यातही होते. नवीन होते ते अ‍ॅलर्जनचे, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांचे, शिस्तशीर नियोजन. स्निकर्समध्ये शेंगदाणा असतो, आणि शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला त्याचा कणही जिवावर बेतू शकतो. म्हणून शेंगदाणा जिथे हाताळला जातो त्या भागातून दुसऱ्या भागात जाताना काय बदलायचे, कोणती भांडी कुठे वापरायची, उत्पादन बदलताना स्वच्छता पुरेशी झाली हे कसे तपासायचे, यावर चॉकलेटच्या कारखान्यात फार भर द्यावा लागतो. आपल्याकडे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी फारशी दिसत नाही, म्हणून नव्या कामगारांना हे पटवताना वेळ द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे.

चॉकलेट शिकताना सर्वांत जास्त गोडी लागली ती टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन थिजवण्याची. कोको बटर थिजताना त्याचे स्फटिक निरनिराळ्या प्रकारांनी जमू शकतात. त्यांतला एकच प्रकार आपल्याला हवा असतो, कारण त्यानेच चॉकलेटला चमक येते, ते मोडताना कट्‌कन आवाज येतो आणि ते हातात न विरघळता तोंडात विरघळते. त्यासाठी वितळलेले चॉकलेट सुमारे ४५ अंशांपर्यंत तापवून, मग २७-२८ अंशांपर्यंत निववून, पुन्हा थोडे, दुधाच्या चॉकलेटसाठी साधारण ३० अंशांपर्यंत वर न्यायचे असते. एखाद-दोन अंशांनी चुकले तरी काम बिघडते. पाकाची एकतारी आणि दोनतारी यांत चुकलेल्या लाडवांचे जे होते तेच इथे होते. नीट जमलेले चॉकलेटही दुकानात उन्हाने वितळून पुन्हा थिजले की त्यावर पांढरट साय दिसते. ग्राहकाला वाटते की बुरशी आली. ती बुरशी नसते, कोको बटर पृष्ठभागावर आलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी गाठणाऱ्या आपल्या राज्यात, जिथे किराणा दुकानात फ्रिज रात्री बंद करण्याची पद्धत आहे, तिथे चॉकलेटची गुणवत्ता कारखान्याच्या दारात संपत नाही, हे मला इथे कळले.

भारतातील स्निकर्सवर हिरवा ठिपका असतो. इतर अनेक देशांत त्याच्या नूगामध्ये, म्हणजे आतल्या मऊ, फुगीर थरामध्ये, अंड्याचा पांढरा भाग फेटून घालतात. आपल्याकडे तो अंड्याशिवाय केला जातो. नूगाला हलकेपणा देण्याचे जे काम अंडे करते ते दुसऱ्या घटकांकडून करून घेणे आणि चव तीच ठेवणे, हे अन्नतंत्रज्ञाच्या दृष्टीने मुळीच सोपे नाही. हजारो मैलांवरच्या कुटुंबाच्या मालकीचा जुना पदार्थ इथल्या घरांत चालावा म्हणून मुळातून बदलला जातो, याचे मला अप्रूप वाटते.

मार्सची पाच तत्त्वे हा प्रशिक्षणाचा मोठा भाग असतो. गुणवत्ता, जबाबदारी, परस्परहित, कार्यक्षमता आणि स्वातंत्र्य. ती १९८०च्या दशकात पुस्तिकेच्या रूपाने लिहिली गेली, पण त्यांचे बीज त्याही आधीचे आहे. १९४७ मध्ये फॉरेस्ट मार्स यांनी लिहिले होते की, ग्राहक, विक्रेते, पुरवठादार, सरकार, कर्मचारी, भागधारक आणि प्रतिस्पर्धीसुद्धा, या सगळ्यांचे परस्परहित साधेल अशा रीतीने अन्नपदार्थ तयार करणे आणि पोहोचवणे हे कंपनीचे उद्दिष्ट आहे. स्पर्धकाचे हित आपल्या उद्दिष्टात लिहिणारा उद्योजक मला दुसरा माहीत नाही. पाचव्या तत्त्वाचा अर्थ थोडक्यात असा की, निर्णयाचे स्वातंत्र्य टिकवायचे तर नफा हवा, आणि तो मुख्यतः व्यवसायातच परत घातला पाहिजे. मालकी कुटुंबातच ठेवण्यामागचे कारण या एका तत्त्वात सापडते.

प्रत्येक मोठ्या कंपनीच्या भिंतीवर अशी तत्त्वे लावलेली असतात, म्हणून मी ती सुरुवातीला अंतर राखूनच ऐकली. त्यांचा उपयोग कळला तो एका सरावात. आम्हा नव्या लोकांना एक काल्पनिक प्रसंग दिला होता. पावसाळ्याचे दिवस आहेत, शेंगदाण्याचा ट्रक दारात उभा आहे, आर्द्रता मर्यादेच्या अगदी काठावर आहे, पुरवठादार छोटा आहे, आणि माल परत गेला तर त्याचा हंगाम बुडेल. दुसरीकडे, ओलसर शेंगदाण्यात बुरशी वाढली तर अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असणारे विष तयार होते आणि भाजल्यानेही ते पुरते जात नाही. गुणवत्ता म्हणते परत पाठवा, परस्परहित म्हणते पुरवठादाराचा विचार करा, कार्यक्षमता म्हणते लाइन थांबता कामा नये. आमच्या गटात बराच वेळ वाद झाला. जुन्नर भागातल्या शेतकरी कुटुंबातला एक सहकारी पुरवठादाराची बाजू कळकळीने मांडत होता. शेवटी आम्ही ज्या उत्तरावर आलो ते असे : हा माल स्वीकारायचा नाही, यात तडजोड नाही, पण कारण आणि चाचणीचे आकडे पुरवठादाराला त्याच दिवशी द्यायचे, साठवण आणि वाळवणीसाठी त्याला मदत करायची आणि पुढच्या खेपेला त्याला पुन्हा संधी द्यायची. मालाला नाही म्हणणे आणि माणसाला नाही म्हणणे यांत फरक करता येतो, हे त्या खोलीत बसून मला जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही पुस्तकाने केले नव्हते. सराव काल्पनिक होता, पण गुणवत्ता विभागात असे प्रसंग कोणत्याही कारखान्यात दर पावसाळ्यात येतात.

१४ ऑगस्ट २०२४ रोजी बातमी आली की मार्सने केलानोवा ही प्रिंगल्स चिप्स आणि चीझ-इट बिस्किटे बनवणारी कंपनी विकत घेण्याचे ठरवले आहे. कर्जासह व्यवहाराची किंमत सुमारे ३,५९० कोटी डॉलर होती. २००८ मध्ये रिग्ली ही च्युइंगमची कंपनी सुमारे २,३०० कोटी डॉलरना घेतली गेली, तेव्हापासून बूमर, ऑर्बिट आणि डबलमिंट ही आपल्या ओळखीची नावे मार्सकडे आली. हा त्याहूनही मोठा व्यवहार होता. प्रोबेशनवर असलेल्या माणसाला अशा बातमीने धास्ती वाटते, तशी मलाही वाटली. जेवणाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी सरळ विचारले की, इतके मोठे कर्ज घेतल्यावर खर्चकपात होईल का. ते म्हणाले, “मॅडम, पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण ही माणसे विकत घेतलेली कंपनी दोन वर्षांनी विकायला काढत नाहीत, एवढे मागचे पाहून सांगतो.” मी घरी येऊन जुन्या खरेद्यांची यादी पुन्हा पाहिली. १९३४ च्या खरेदीतून वाढलेल्या पेडिग्रीच्या व्यवसायाला ९० वर्षे होत आली होती, रॉयल कॅनिन दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्याकडे होते, रिग्ली तर डोळ्यांसमोरच होती. मन बरेच शांत झाले.

सप्टेंबरमध्ये पाळीव प्राण्यांच्या अन्नाच्या व्यवसायाची ओळख करून देणारे सत्र झाले. भारतात या अन्नाचा कारखाना तेलंगणात, हैदराबादजवळ सिद्दीपेट जिल्ह्यात आहे. आमच्या गावाकडे कुत्र्याला भाकरीचा चतकोर आणि ताक घालायची पद्धत, त्यामुळे कुत्र्याच्या आहाराचे शास्त्र असते हे मी प्रथमच गांभीर्याने ऐकले. इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यातील वॉल्थम येथे कंपनीची संशोधन संस्था अनेक दशके कुत्र्यामांजरांच्या पोषणावर काम करते. मांजराला टॉरिन नावाचा घटक आहारातूनच मिळावा लागतो, तो कमी पडला तर दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात, हे त्या सत्रात कळले. आणखी एक गोष्ट मी आता प्रत्येक ओळखीच्या घरी सांगते. चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही व त्याने विषबाधा होते, आणि साखरविरहित च्युइंगममध्ये वापरला जाणारा झायलिटॉल तर कुत्र्यासाठी त्याहूनही घातक आहे. चॉकलेट, च्युइंगम आणि कुत्र्याचे अन्न एकाच कुटुंबाच्या छपराखाली तयार होत असल्याने ही जाणीव आम्हाला अधिकच हवी.

एक प्रश्न मी अर्ज करण्यापूर्वीपासून मनात धरून होते, तो कोकोच्या शेतांत राबणाऱ्या मुलांचा. २००१ मध्ये मार्ससह मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी पश्चिम आफ्रिकेतील कोको उत्पादनातून बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार हटवण्याचा करार केला. त्यातल्या मुदती पुढे पुन्हा पुन्हा लांबल्या आणि ही समस्या आजही संपलेली नाही. कंपनीने कोकोच्या झाडाचा जनुकीय आराखडा २०१० मध्ये इतरांबरोबर मिळून जाहीर केला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला, शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढवण्याचे कार्यक्रमही ती चालवते. त्याचे मोल मी जाणते. तरीही ज्या तत्त्वाला ती परस्परहित म्हणते, त्याची खरी कसोटी खेडमध्ये लागत नाही, घानाच्या शेतात लागते, असे मला वाटते. नोव्हेंबरमध्ये प्रोबेशनच्या आढाव्यात ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटल्यावर मी हाच प्रश्न विचारला. उत्तरात कोको कोणत्या शेतातून आला याचा माग काढण्याच्या पद्धती, गावपातळीवरील देखरेख समित्या आणि अजून बाकी असलेले काम, या तिन्हींबद्दल बोलले गेले. मी समाधानी झाले असे म्हणणार नाही, पण प्रश्न विचारल्याबद्दल माझ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही.

पाळ्यांची सवय व्हायला हिवाळा उजाडला. पहाटेच्या पाळीला घरून साडेचारला निघावे लागे आणि पुणे-नाशिक रस्त्यावरील धुक्यात वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून हाती अर्धा तास जास्त ठेवणे बरे. राज्यात महिलांना कारखान्यात रात्रपाळी देताना त्यांची संमती, ने-आण करण्याची सोय आणि सुरक्षितता यांच्या अटी आहेत. त्या आधी वाचून घ्याव्यात आणि संमती देण्यापूर्वी घरातल्यांशी मोकळेपणाने बोलावे. आमच्याकडे सासूबाईंच्या गुडघ्यांचे दुखणे त्याच सुमारास वाढल्याने मुलीला शाळेत पोहोचवण्याची जबाबदारी यजमानांकडे आली, आणि ती त्यांनी आजतागायत निभावली आहे.

कायम झाल्याचे पत्र जानेवारीत आले, पण कागदांचे शेपूट आणखी काही महिने चालले. भविष्यनिर्वाह निधीची जुनी रक्कम नव्या खात्यात मार्चमध्ये वळती झाली. त्यासाठी दोन्ही ठिकाणी नाव, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख तंतोतंत जुळावी लागते, आणि सोडल्याची तारीख जुन्या मालकाने भरलेली नसेल तर दावा तिथेच अडतो. फेब्रुवारीच्या पगारातून व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे रुपये कापला गेला तर घाबरू नये, आपल्या राज्यात तो नियमच आहे. जूनमध्ये दोन्ही मालकांचे फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचे दाखले, हाती आले, ते आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहिले, आणि फॉर्म १२बी वेळेवर दिलेला असल्याने विवरणपत्र भरताना वेगळा कर भरावा लागला नाही. याच महिन्यात वार्षिक वैद्यकीय तपासणीची दुसरी फेरीही झाली, आणि या वेळी टायफॉइडच्या लसीची नोंद माझ्याजवळ तयार होती.